घरच्या शेडमध्ये ६९७ इंजिन बांधताना

गेला गळीत हंगाम संपता संपता आमच्या टाटा १२१० एसई ट्रकनं, म्हणजे त्यातल्या ६९७ इंजिननं, निळा धूर धरला. ऑइल कमी व्हायला लागलं, सकाळी स्टार्ट घ्यायला कुरकुर सुरू झाली, आणि इंजिन चालू असताना ऑइलचं टोपण उघडलं की आतून फसाफसा वारा यायचा. काळा धूर असता तर आधी एअर फिल्टर, नोझल आणि पंप बघितला असता. निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि टोपणातून वारा म्हणजे कॉम्प्रेशन पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरात उतरतंय. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या आसपास तापते म्हणून इंधन पेटतं. दाबच गळाला तर गार इंजिन उठणार कसं?

ज्याला विचारावं तो म्हणायचा, "रिंगा टाक आणि सोड." हे मला अजिबात पटत नाही. बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं भोक, लंबगोल झाला असेल तर नवी रिंग त्यात टेकतच नाही. चार महिने बरं वाटतं आणि ऐन उसाच्या गर्दीत गाडी पुन्हा उभी राहते. म्हणून पावसाळ्यात उचगावच्या घरामागच्या शेडमध्येच इंजिन उतरवायचं ठरवलं. तात्यांनी गाडी दिली, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर मशीनवर उभे राहिलेले शेजारचे मामा मदतीला आले.

इंजिन चारशे किलोच्या वर. साखळी-पुली शेडच्या पत्र्याच्या पाइपला टांगायचा विचारसुद्धा करू नका. आम्ही जाड गर्डर घातला. उतरवताना मेन बेअरिंगच्या आणि रॉडच्या टोप्यांवर नंबर पंच केले. सातही मेन टोप्या आपापल्या जागी आणि त्याच दिशेनं परत जायला हव्यात.

खरा वेळ मोजण्यात गेला, आणि जायलाच हवा. मामांचं एकच म्हणणं, "आधी मोज. मोजल्याबिगर दुकानात जाऊ नगंस." बोअर डायल गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, आणि क्रँकच्या रेषेत व तिला आडवा असा मोजला. झीज सगळ्यात जास्त वर, जिथं पहिली रिंग माघारी फिरते तिथं, आणि तीही आडव्या दिशेला, कारण पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. ९७ मिलिमीटरच्या बोअरमध्ये काही ठिकाणी रिंगेनं झिजवून वर पाडलेली कड नखाला लागत होती. रिंगांवर भागणार नव्हतं. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन आणि क्रँक ग्राइंडिंग, सगळंच करायचं ठरलं.

घरी काय करायचं आणि काय बाहेर द्यायचं, हे आधीच ठरवा. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग-होनिंग (बोअर कातून आतून बारीक घासणं) आणि डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन घरी होत नाही. कोल्हापूरकर म्हणून आपलं नशीब की शिवाजी उद्यमनगरात ही कामं करणारे हाकेच्या अंतरावर आहेत. पण काम टाकून निघून येऊ नका. क्रँकला ०.२५ मिलिमीटरचं अंडरसाइझ घ्यायचं, म्हणजे घासून तेवढं माप कमी करायचं ठरलं, तेव्हा जर्नलच्या (बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवा, असं मी आवर्जून सांगितलं. तिथं काटकोन राहिला तर क्रँक तिथूनच तुटतो. परत आल्यावर प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरनं पुन्हा मोजला. मशीनवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हे. बेअरिंगची फट दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) की चारची, हे बांधणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

पावसाळ्याचा एक त्रास मात्र खरा. होनिंग केलेला ब्लॉक रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तांबूस दिसतो. आणि तो डिझेलनं धुऊन भागत नाही, होनिंगची बारीक वाळू आतच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग लगेच सुकवून ऑइल लावायचं आणि पांढऱ्या कापडानं पुसायचं. कापड काळं पडतंय तोवर पुसतच राहायचं. ऑइलच्या गॅलऱ्यांचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, बूच काढून आतूनही धुतलं. हे कंटाळवाणं काम मी कुणावर सोपवलं नाही.

बांधणी त्या मानानं सरळ. रिंग मोकळ्या बोअरमध्ये सरळ सरकवून तोंडाची फट फिलर गेजनं तपासली. या मापाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. एकेक मेन टोपी आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचा. जड झाला तर तिथंच थांबायचं. टायमिंग गिअरच्या खुणा जुळवल्या. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानंच आवळले.

पहिला स्टार्ट घ्यायच्या आधी डिझेल बंद करणारा स्टॉप ओढून ठेवला आणि ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं. मग फीड पंपाच्या हातानं डिझेल चढवून फिल्टरवरची हवा काढली, नंतर नोझलकडच्या नटांवरची. इंजिन फिरत असताना त्या नटांपाशी हात नेऊ नका. दाबानं उडालेलं डिझेल कातडीत शिरतं, आणि तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

धूर थोडा वेळ आला, मग बसला. टोपण उघडलं तर वारा नाममात्र. सुरुवातीला गाडी हलक्या भाराला चालवली, लवकर ऑइल आणि फिल्टर बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा तपासले. मगच तात्यांनी ऊसवाहतुकीला होकार दिला.