१४९चा पीक दिसला, पण थॅलेट कोणतं?

मऊ पीव्हीसीत प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक लवचिक करणारी थॅलेटसारखी रसायनं, असतात. त्याचा अर्क जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांच्या आयनांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) चालवला की क्रोमॅटोग्रामच्या शेवटाकडे एक दणदणीत पीक येतो, त्यात एम/झेड (आयनाचं वस्तुमान भागिले विद्युतभार) १४९ असतो, यंत्राची स्पेक्ट्रम-लायब्ररी ‘डीईएचपी’ (डायएथिलहेक्झिल थॅलेट) सुचवते आणि तसाच रिपोर्ट निघतो. गफलत इथेच होते. १४९ म्हणजे प्रोटॉन लागलेलं थॅलिक अनहायड्राइड, आणि तो आयन जवळपास सगळीच थॅलेट देतात. (डायमिथाइल अपवाद, त्याचा १६३.)

ओळख पटते ती सोबतच्या आयनांवरून. डीईएचपीला १६७ आणि २७९, डीबीपीला (डायब्युटिल थॅलेट) २२३, बीबीपीला (बेंझिल ब्युटिल थॅलेट) ९१ आणि २०६. डीएनओपीसुद्धा (डाय-एन-ऑक्टिल थॅलेट) २७९ देतं, पण त्यात १६७ नगण्य असतो आणि ते उशिरा बाहेर पडतं. डीआयएनपी (डायआयसोनोनिल थॅलेट) हे आयसोमरांचं, म्हणजे सूत्र तेच पण रचना वेगळी अशा रेणूंचं, मिश्रण, त्यामुळे पीकऐवजी पसरट उंचवटा येतो. तो २९३वर अख्खा मोजावा. सगळ्यात फसवं डीओटीपी (डायऑक्टिल टेरेथॅलेट). रेणुभार डीईएचपीइतकाच, ३९०, पण त्यात ११२ आणि २६१ ठळक दिसतात. विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या युरोपच्या रोह्स नियमात डीईएचपीला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, डीओटीपीला नाही, म्हणून ही चूक महागात पडते.

नमुन्यासाठी ५० मिग्रॅ पीव्हीसी बारीक कातरून ५ मिली टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) अर्धा तास हलवत विरघळवा. मग १० मिली हेक्सेन हळूहळू घाला. एकदम ओतलं तर पॉलिमरचे गोळे होतात आणि प्लास्टिसायझर आत अडकतं. साका बसला की वरचा द्रव ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. बाजारातल्या बहुतेक टीएचएफमध्ये स्टॅबिलायझर म्हणून बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन) असतं. त्याचे २०५ आणि २२० दिसले की ते प्लास्टिकमधलंच आहे असं धरू नका. बिनबीएचटीचं टीएचएफ वापरायचं तर लहान बाटली घ्या, उघडल्याची तारीख लिहा आणि साठवणीत तयार होणारी स्फोटक पेरॉक्साइडं तपासत राहा.

पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन टीएचएफला दाद देत नाहीत. तिथे अर्धा मिग्रॅ नमुना ३२० अंशांपर्यंत तापवून थर्मल डिसॉर्प्शन (द्रावकाऐवजी उष्णतेने अ‍ॅडिटिव्ह बाहेर काढणं) सोयीचं. (पीव्हीसीला हा मार्ग जपून, सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल जीसीचा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, खातं.) प्लास्टिक टिकवणाऱ्या इर्गाफॉस १६८ या अ‍ॅडिटिव्हचे आयन ६४६ आणि ४४१. शेजारी ६६२ आला तर ते वेगळं अ‍ॅडिटिव्ह नव्हे, तेच ऑक्सिडाइझ झालेलं रूप आहे. ते प्रक्रियेत झालं की तुमच्या अर्क काढण्यात, हे स्पेक्ट्रम सांगत नाही. इर्गानॉक्स १०१० या तशाच अ‍ॅडिटिव्हचा रेणुभार ११७८च्या आसपास, ते अखंड जीसीतून येतच नाही. त्यासाठी एलसी-एमएस (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करणारं यंत्र) लावा, मोबाइल फेजमध्ये, म्हणजे त्या वाहत्या द्रवात, अमोनियम अ‍ॅसिटेट ठेवा आणि अमोनियम लागलेला ११९४.८ शोधा. जीसीत दिसलं नाही म्हणून ‘आढळले नाही’ लिहू नये.

ब्लँक (नमुन्याविना केलेली चाचणी) नुसत्या द्रावकाचा घेऊन भागत नाही, तीच भांडी, तोच फिल्टर, तेवढाच वेळ हवा. हातमोज्यांतून १४९ येतो, पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांतून एलसीवर ३३८.३ म्हणजे एरुकामाइड (प्लास्टिक घसरडं करणारं अ‍ॅडिटिव्ह), आणि कॉलम व सेप्टममधून (इंजेक्शनच्या तोंडावरची रबरी चकती) २०७, २८१. काचेची भांडी वापरा आणि तगड्या नमुन्यानंतर एक द्रावक-इंजेक्शन मारूनच पुढचा नमुना लावा.