कर्ज फेडताना आधी ताटातलं कमी केलं, तीच चूक होती

मागच्या दोन वर्षांत आमच्या घरात स्वयंपाक मी करतो. बायकोची ड्युटी संध्याकाळची असते, आईला आता फार वेळ उभं राहवत नाही आणि मुलं अजून लहान आहेत. त्याआधी मला चहा आणि ऑम्लेट सोडून काही येत नव्हतं हे सांगून टाकतो, म्हणजे खाली जे लिहिलंय ते कुणा सुगरणीने लिहिलेलं नाही हे कळेल. कर्ज होतं म्हणून शिकलो.

कर्ज तीन प्रकारचं होतं. एक बँकेचं पर्सनल लोन, ठरलेल्या हप्त्याचं. एक मेहुण्याकडून घेतलेली रक्कम, तिला व्याज नव्हतं पण मनावर ओझं सगळ्यात जास्त तिचंच. आणि तिसरं क्रेडिट कार्ड. हे तिसरं कधी वाढलं ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही, कारण दर महिन्याला किमान रक्कम भरत होतो आणि भरतोय म्हणजे फिटतंय असं वाटत होतं. एका रात्री वही घेऊन बसलो आणि हिशोब मांडला. व्याज महिन्याला ३ टक्के. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. म्हणजे मी शंभर भरले की त्यातले साठच्या आसपास नुसते व्याजात जातात, मुद्दलातून सुटतात चाळीस. नवीन एक पैसाही खर्च केला नाही तरी थकबाकी अर्ध्यावर यायला अडीच वर्षांहून जास्त लागतात. आणि काहीच भरलं नाही तर ३ टक्क्यांनी ती रक्कम २४ महिन्यांत दुप्पट होते. मी हे दोनदा मोजलं कारण पटलंच नाही.

मग घाबरून जे कुणीही करेल तेच आम्ही केलं, जेवणावर कात्री चालवली. दूध कमी, अंडी मोजून, फळं बंद, डाळ पातळ, रात्री एकच काहीतरी. पहिला आठवडा फार छान वाटला, वहीत आकडा खाली आला होता. दुसऱ्या आठवड्यात बायको कामावरून रात्री दहाला आली, पातेल्यात तळाशी जे उरलं होतं ते बघितलं, काही बोलली नाही आणि बाहेरून मागवलं. तिचं काहीच चुकलं नाही, आठ तास उभं राहून आलेल्या माणसाने पातळ डाळ पिऊन झोपावं अशी अपेक्षा मीच चुकीची ठेवली होती. त्या महिन्यात बाहेरून मागवण्याचा खर्च आधीपेक्षा जास्त झाला. म्हणजे वाचवलं काय, काहीच नाही, वर पुन्हा घरात सगळे चिडलेले.

पण खरं डोळ्यात पाणी आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एका सकाळी थोरलीने उकडलेलं अंडं घेतलं, दोऱ्याने मधोमध बरोबर कापलं, अर्धं धाकट्याच्या ताटलीत ठेवलं आणि म्हणाली मला भूक नाहीये. नऊ वर्षांची मुलगी. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण घरात मोजामोजी चाललीये हे मुलांना न सांगता कळतं. त्या दिवशी ठरवलं की अंडी, भात, डाळ आणि दूध या चार गोष्टी घरात कुणीही मोजायच्या नाहीत, ज्याला जेवढं लागेल तेवढं खायचं, आणि पैसे वाचवायचे ते दुसरीकडून शोधायचे.

मग दुसरीकडे म्हणजे कुठे, तर दोन महिने मी नुसतं लिहीत गेलो की पैसा जातो कुठून. किराण्यातून नव्हताच जात. जात होता संध्याकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासातून. सगळे दमलेले, भूक लागलेली, आणि आज काय करायचं हे कुणालाच माहीत नाही, की हात फोनकडे जातो. पोटाला चिमटा काढायची गरज नव्हती, सात वाजता उत्तर तयार असायची गरज होती, बस.

म्हणून रविवार. रविवारी सकाळी मी एक किलो कडधान्य शिजवतो, शनिवारी रात्री भिजत घालून. एका आठवड्याला चणे, एका आठवड्याला राजमा किंवा चवळी. एक किलो कोरडं कडधान्य शिजून दोन-सव्वादोन किलो होतं, ते पाच डब्यांत भरून, गार करून फ्रीझरमध्ये. डब्यावर कागदी टेप लावून तारीख लिहितो. आता सात वाजता डबा काढायचा, कांदा-लसूण परतायचा, टोमॅटो टाकायचा, डबा ओतायचा, बाजूला भात. पंचवीस मिनिटं. बाहेरून मागवलं तर यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

टोमॅटो कच्च्या कडधान्यात आधीच टाकू नका, आंबटपणाने ते लवकर मऊ होत नाही आणि गॅस उगाच जळतो. हे मला आईने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नाही, दोन तास शिजवत बसलो. तिने हेही सांगितलं होतं की जुनं कडधान्य आणू नकोस, स्वस्त मिळालं तरी. वर्षभर गरम आणि दमट जागी पडलेलं कडधान्य कितीही भिजवा, कडकच राहतं. त्यामुळे एकदम मोठी गोणी घेण्याच्या फंदात पडलो नाही, दोन-तीन महिन्यांचं आणतो.

राजम्याबद्दल मात्र नीट थांबून लिहितो कारण इथे आमच्याकडून मोठी चूक झाली होती. सुरुवातीला वीज आणि वेळ वाचवायला म्हणून मी मंद आचेवरच्या इलेक्ट्रिक भांड्यात लाल राजमा न भिजवता तसाच टाकून कामावर गेलो. संध्याकाळी बाहेरून मऊ दिसत होता, जेवलो, आणि दोन-तीन तासांत दोन्ही मुलांना उलट्या सुरू. रात्रभर आम्ही जागे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की राजमा कसा शिजवला. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाच्या प्रकारातला एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही, आणि मंद आचेवर तेवढी उष्णता मिळत नाही, उलट अर्धवट गरम केलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. मुलं दुसऱ्या दिवशी बरी झाली पण ती रात्र मी विसरणार नाही. तेव्हापासून राजमा निदान ५ तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात आधी खळखळून उकळायचा, किमान १० मिनिटं तरी लागतात, मी अर्धा तास ठेवतो, आणि मग पुढे कुकर. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून तिथे काम लवकर होतं. स्वस्तात करायचं म्हणून इथे शॉर्टकट मारू नका, प्लीज.

तसंच भाताचं. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायची सवय आमच्याकडे होती. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम केल्याने जात नाही. म्हणून जेवण झाल्यावर भात पसरट ताटात काढून तासाभराच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा, आणि एकदाच गरम करायचा. फुकट गेलेला भात परवडतो, दवाखाना परवडत नाही.

वाया जाण्यावरून आठवलं. एक आठवडा मी कचऱ्यात काय टाकतो तेही लिहिलं, आणि लाज वाटली. अर्धी कोबी, काळी पडलेली गाजरं, ब्रेडची टोकं, कोंब फुटलेले बटाटे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अहवाल काढला होता त्यात म्हटलंय की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं, माणशी वर्षाला ७९ किलो. आमच्या घरात पाच माणसं, म्हणजे त्या हिशोबाने जवळजवळ ४०० किलो. आमचं खरंच तेवढं जात असेल का ते मोजलं नाही, पण वाचल्यावर फ्रीज उघडून बराच वेळ उभा होतो. आता फ्रीजमधला वरचा डावा कोपरा आधी संपवायच्या गोष्टींसाठी ठेवलाय, भाजी आणायला जाण्याआधी तो कोपरा रिकामा झालाच पाहिजे. बुधवारी त्या कोपऱ्यात जे असेल त्याचं सूप होतं, जाड व्हावं म्हणून मूठभर मसूर टाकतो. मसुराची लाल डाळ भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत विरघळते, माझ्यासारख्या नवख्याला तिने फार सांभाळून घेतलं. बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब ठेवतो, दोन्ही एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. हिरवा पडलेला बटाटा फेकायचाच, तो वाचवायचा नाही.

मुलांना पुरेसं मिळतंय का ही धास्ती मला सतत असायची. मांस-मासे महिन्यातून एक-दोनदाच होतात आता. पण डाळ आणि भात एकत्र खाल्लं की धान्यात जे कमी असतं ते डाळीतून भरून निघतं आणि डाळीत जे कमी असतं ते धान्यातून, त्यामुळे प्रोटीनचं काम बऱ्यापैकी होतं. कडधान्यावर लिंबू पिळतो, त्याने त्यातलं लोह अंगाला चांगलं लागतं. शिवाय अंडी आहेतच, न मोजता.

आता कर्जाकडे, कारण जेवणात वाचलेले पैसे कर्जापर्यंत पोचलेच नाहीत तर हे सगळं करून उपयोग काय. पहिले चार महिने आमचं तेच झालं. वाचत होतं पण खात्यात पडून राहत होतं आणि महिनाअखेरीला कुठेतरी विरून जायचं, कुणाला विचारलं तर कुणालाच माहीत नाही. मग बायकोने सुचवलं की ज्या रात्री मागवायचा मोह झाला आणि तरी घरी केलं, त्याच रात्री तेवढे पैसे कार्डावर भरायचे, झोपायच्या आधी. बऱ्याच कार्डांवर व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर मोजतात, त्यामुळे महिनाअखेरीपर्यंत न थांबता मधेच भरलेली छोटी रक्कमसुद्धा कामाला येते. आमच्या फ्रीजच्या दारावर एक कागद आहे, त्यावर त्या त्या रात्रीची रक्कम तीच लिहिते, तारखेसकट.

दुसरी गोष्ट म्हणजे किराणा कार्डावर घेणं पूर्ण बंद केलं. हे आम्हाला फार उशिरा समजलं, की आधीची थकबाकी पूर्ण भरलेली नसेल तर बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे कोबी चार दिवसांत खाऊन संपली आणि तिचं व्याज आम्ही महिनोन्महिने भरत होतो. आता आठवड्याच्या किराण्याचे पैसे रोख पाकिटात, पाकीट संपलं की खरेदी संपली, आणि घरात डबे आहेतच.

कुठलं कर्ज आधी फेडावं यावर आमचं थोडं वाजलंही. मला मेहुण्याचे आधी द्यायचे होते, त्यांच्यासमोर जायला संकोच वाटायचा. बायकोचं म्हणणं, व्याज जिथे जास्त तिथे आधी. शेवटी मी मेहुण्यांना फोन केला, स्पष्ट सांगितलं की कार्ड आधी संपवतो, तुमचे त्यानंतर, आणि कुठल्या महिन्यापासून तेही सांगितलं. ते म्हणाले, "अहो, आधी सांगितलं असतंत तर मी विचारलंही नसतं." वर्षभर त्यांचे फोन टाळत होतो मी, त्याचं वाईट वाटलं. काही लोक सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवतात, एक तरी संपलं की बळ येतं म्हणून, आणि त्यात चूक काही नाही. आकड्यांत पाहिलं तर जास्त व्याजवालं आधी हेच स्वस्त पडतं. पण ज्या पद्धतीने घरातले सगळे टिकून राहतील ती घ्यावी असं मला वाटतं.

कार्ड मागच्या महिन्यात शून्यावर आलं. बावीस महिने लागले. त्याचा जो पैसा सुटला तो आता निम्मा मेहुण्यांना आणि निम्मा बँकेत जातो. बँकेचं लोन मुदतीआधी फेडायला दंड आहे का ते करारात बघून घेतलं, आमच्या करारात नाहीये, तुम्ही तुमचा वाचा.

फ्रीजवरचा जुना कागद भरला म्हणून नवीन लावलाय. या वेळी धाकट्यानेही त्यावर एक ओळ लिहिली, वाकड्यातिकड्या अक्षरात, आज चणे, आणि पुढे रकमेच्या जागी एक मोठं वर्तुळ काढलं. ते काय विचारलं तर म्हणाला, अंडं.