खदानीतलं पाणी आणि संमतीपत्राचं नूतनीकरण: माझा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात आमची काळ्या दगडाची लहानशी खदान आहे. लीज पाच हेक्टरच्या आतली, सोबत एक क्रशर. दगड, गिट्टी आणि गाड्या वडील बघतात. कागदपत्रं आणि पाणी माझ्याकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचं, म्हणजे काम चालवायच्या परवानगीचं, नूतनीकरण तोंडावर आलं होतं, त्याच पावसाळ्यात खालच्या वावरातले काका आले. म्हणाले, "भाऊ, पराटीच्या (कपाशीच्या) तासांत गाळाची साय बसली. पाणी तुमच्याकडूनच येऊन राह्यलं. एकडाव पाहून तर घ्या."

मी त्यांच्यासोबत गेलो. राखाडी आणि काळा, दोन रंगांचा गाळ होता. राखाडी म्हणजे क्रशरची डस्ट, हे कळलं. काळा मात्र खदानीतला नव्हताच. दगड उघडा करताना वरून काढलेल्या काळ्या मातीचा ढीग लीजच्या वरच्या अंगाला आहे. टेकडीवरचं पाणी त्या ढिगावरून वाहत खड्ड्यात पडत होतं, आणि पंप तेच उपसून नाल्यात सोडत होता.

अशा वेळी बहुतेक जण सुचवतात, गाळ बसवायची टाकी मोठी करा. आधी हिशेब करू म्हटलं. एक हेक्टरवर 10 मिमी पाऊस पडला की 1 लाख लिटर पाणी होतं. जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी 50 मिमी सहज पडतो. खड्डा आणि वरचा उतार मिळून चार हेक्टर धरले, तर त्यातलं काही जमिनीत मुरलं तरी वीस लाख लिटरच्या आसपासचा प्रश्न उभा राहतो. दुसरी गोष्ट गाळ बसण्याची. 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला पाऊण तास घेतो. चिकणमातीच्या 2 मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात, कारण कण दहापट बारीक झाला की बसण्याचा वेग शंभरपट घटतो. आपल्या काळ्या मातीत तर याहूनही बारीक कण भरपूर. तिला निवळू देईल एवढी टाकी छोट्या खदानीत मावतच नाही. म्हणून स्वच्छ पाण्याला मातीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, हा एकच उपाय उरतो. बाकी सगळं त्यानंतर.

लीजच्या हद्दीलगत 7.5 मीटरचा पट्टा खोदायचा नसतोच. वरच्या बाजूच्या त्या पट्ट्यातून पोकलेननं चर काढला, तळाशी आणि काठाला आमचेच बोल्डर बसवले, उतार जास्त होता तिथे दगडांचे आडवे बांध घातले. टेकडीचं पाणी आता खदानीला वळसा घालून थेट नाल्याला लागतं. ढिगाच्या पायथ्याशी दगडी बांध घातला, उतारावर मारवेल गवत आणि घायपात लावलं. गवत पहिल्या वर्षी विरळच येतं, त्यामुळे त्या वर्षी बांधावरच भिस्त ठेवावी लागली.

पंपाचं काम मात्र प्रत्येक खदानवाल्यानं आजच करावं असं आहे. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या ओढनळीच्या टोकाची झडप, खड्ड्याच्या तळाला टेकलेला असतो, त्यामुळे पंप सुरू झाला की आधी गाळच ओढतो. आम्ही 200 लिटरचा रिकामा प्लास्टिकचा ड्रम पाण्यावर तरंगत ठेवला आणि फुटव्हॉल्व्ह त्याला दोरानं असा बांधला, की तो पृष्ठभागाच्या अर्धा मीटर खाली लटकेल. पाणी चढो की उतरो, पंप वरचं निवळलेलं पाणीच उचलतो. तिथून ते गाळ बसवायच्या एकापाठोपाठच्या तीन खड्ड्यांतून जातं आणि मगच नाल्यात. पंपाच्या शेडमध्ये काचेची बाटली ठेवली आहे. सोडण्याआधी ती भरायची, मागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली नाहीत तर पंप बंद. ही चाचणी ऑपरेटरसाठी. मंडळासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच. नाल्यात सोडायच्या पाण्यात निलंबित घन पदार्थ (पाण्यात तरंगणारे बारीक कण) लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत आणि सामू (pH) 5.5 ते 9 च्या दरम्यान असावा लागतो. आमचा नमुना मी मुद्दाम भर पावसात घ्यायला लावला. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यावरून पावसाळ्यातल्या गाळाबद्दल काय कळणार? अहवाल मर्यादेच्या आत आला.

आता कागदपत्रं. एवढ्याशा खदानीला पर्यावरण मंजुरी कशाला, असं अनेक जण विचारतात. 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या (दगड, मुरूम, वाळू वगैरे) लीजलाही ती बंधनकारक केली, आणि मला ते पटतं. नाल्यात गाळ उतरतो तेव्हा लीज लहान होती की मोठी, हे पिकाला कळत नाही. मंजुरीतल्या अटींचा अनुपालन अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. संमतीपत्राचं पर्यावरण विवरणपत्र वेगळं, ते 30 सप्टेंबरपर्यंत. एका एजन्सीनं तयार नमुना दिला होता, त्यात प्रत्येक अटीपुढे "पालन केले" एवढंच. मी तो वापरला नाही. प्रत्येक अटीपुढे नोंदवहीतला उतारा आणि तारखेचा फोटो लावला: रोजचा पाऊस, पंपाचे तास, गाळ काढल्याचे दिवस. भूजलाच्या अटीसाठी काकांच्याच विहिरीत टेप सोडून मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर पातळी मोजतो. खोदकाम त्या पातळीच्या वर ठेवलं आहे; खाली गेलं तर भूजलासाठी वेगळी परवानगी लागते.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी फाईल बाजूला ठेवून आधी चर बघितला, मग बाटली मागितली. क्रशरवर त्यांनी फवारे सुरू करायला सांगितले. यंत्रापासून 3 ते 10 मीटरवर धुळीची मर्यादा घनमीटरला 600 मायक्रोग्रॅम आहे, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात फवाऱ्यांना पाणी मिळवणं हेच मोठं काम. खड्ड्यात साठवलेलं पावसाचं पाणी आम्ही त्यासाठीच राखतो, रस्त्यावरही तेच मारतो. टँकर अजून पूर्ण बंद झाले नाहीत, पण कमी झाले.

नूतनीकरण झालं. आता दरवर्षी मे महिन्यात तिन्ही खड्ड्यांतला गाळ काढून ढिगाच्या बांधाआत टाकतो आणि चरातले निसटलेले दगड परत बसवतो, कारण 1 जूनच्या अहवालात हेच फोटो जातात.