उलव्याच्या मऊ मातीत पावणेतीन मीटर खोल चर : माझा अनुभव

नवी मुंबईत उलव्यातल्या एका साइटवर सांडपाण्याची लाईन टाकायची होती. पाईप ४५० मिमीचे ह्यूम, म्हणजे सिमेंट काँक्रीटचे, चराची लांबी ६० मीटर, खोली पावणेतीन मीटर. वर मीटरभर मुरुमाचा भराव आणि त्याखाली खाडीची काळी चिकण. ही माती खणल्यावर काही तास सुरीने कापल्यासारखी उभी राहते, आणि घात होतो तो तिथेच. मुकादम म्हणतो, "साहेब, तासाभराचं काम, आधार कशाला?" पण बाजूचा दाब निघाला की काठाला समांतर चिरा पडतात, त्यांत पाणी उतरतं आणि अख्खा पदर एकदम आत येतो. घनमीटरभर ओली माती दीड टनाहून जड. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घ्यायला छातीच फुगवता येत नाही.

म्हणून दीड मीटरच्या खाली आधाराशिवाय कुणी उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. एका वेळी दहाच मीटर चर उघडायचा, म्हणजे चार पाईप. महावितरणची केबल आणि गॅसची लाईन हाताने चाचणी खड्डे घेऊन शोधली. नुसत्या नकाशाच्या भरवशावर पोकलेन लावू नये.

लोखंडी शीट पोकलेनने दोन्ही बाजूंना दाबल्या. बूड तळाच्या अर्धा मीटर खाली, डोकं जमिनीच्या वीतभर वर, म्हणजे काठावरचा दगड आत घरंगळत नाही. मग शीटना लागून आडवे चॅनल (लोखंडी पट्टे) आणि दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये आडवे ताणून बसवलेले स्क्रू जॅक. पहिली ओळ जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, तीही वरूनच बसवलेली. मग आणखी मीटरभर खोदाई, मग दुसरी ओळ. जॅकमधलं अंतर तीन मीटर ठेवलं, कारण अडीच मीटरचा पाईप त्यांच्यामधून आडवा उतरला पाहिजे. त्यासाठी चॅनल जाड घ्यावे लागले. खर्च वाढला, तो योग्यच होता. अंतर कमी ठेवलं की पाईप उतरवताना हमखास एखादा जॅक "जरा वेळ" काढला जातो, आणि कड कोसळते ती नेमकी त्याच वेळी. पाईपचं वजन सातशे किलोच्या आसपास. तो बेल्टवर लटकत असताना चरात एकही माणूस नको. दोरी वरूनच धरायची.

सगळ्यात जास्त त्रास पाण्याने दिला. खाडी जवळ असल्यामुळे भरतीला तळातून पाणी वाढायचं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. भरतीचं वेळापत्रक पाहून पाईप जोडायची वेळ ठरवली. दुसऱ्या टप्प्यात पंप थेट चराच्या तळाशी सोडला गेला. उपसलेलं पाणी गढूळ येत होतं, म्हणजे शीटमागची माती पाण्याबरोबर निघत होती. वर जमीन चार बोटं खचली. माणसं बाहेर काढली, मागची पोकळी भरली आणि पुढे टोकाला वेगळा खड्डा घेऊन त्यात जिओटेक्स्टाईल (पाणी गाळून माती अडवणारं कापड) व खडी घालून पंप बसवला. पाणी स्वच्छ यायला लागलं. विजेच्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावला आणि त्याचं टेस्ट बटण रोज सकाळी दाबलं. डिझेल पंप चरात कधीच उतरवू नये, त्याचा धूर तळाशी साचतो.

खोदलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल तितक्या लांब. डंपरला तीन मीटरवर लाकडी ओंडका आडवा. दहा मीटरच्या दोन्ही टोकांना शिडी, काठाच्या मीटरभर वर आलेली आणि बांधलेली. जॅकवर पाय देऊन चढणं बंद. चिकणीत गमबूट रुतून बसतात, माणूस पळूच शकत नाही. म्हणून उभं राहायला तळाशी फळ्या टाकल्या.

काठावर एक माणूस कायम, ज्याचं काम फक्त बघणं. सकाळी, पावसानंतर, भरतीनंतर आणि जेवणाच्या सुट्टीनंतर चिरा आणि जॅकचा ताण तपासूनच माणसं आत. माती आली तर कुणीही उडी मारायची नाही, कारण दुसरी ढासळ वाचवायला गेलेल्यालाच गाठते. आधी १०१ आणि १०८, पंप चालू, उरलेल्या कडेला आधार, आणि माणसाजवळची माती हाताने किंवा छोट्या फावड्याने. पोकलेनची बकेट तिथे नेऊ नये.

भरणी करताना क्रम उलटा. पाईपभोवती थर दाबत वर यायचं, भराव खालच्या ओळीला टेकला की मगच ते जॅक सोडायचे, मग वरची ओळ. शीट सगळ्यात शेवटी, पोकलेनने वरून ओढून, जवळपास कुणी नसताना.