तुम्ही विचारलंत म्हणून: रागाला मुदत असते

पर्युषण, म्हणजे आत्मशुद्धीचं जैन पर्व, आलं की जैनेतर मित्रमंडळी विचारतात, वर्षभर मनात धरलेलं एका संध्याकाळी ‘मिच्छामि दुक्कडम्’, म्हणजे ‘माझं दुष्कृत्य निष्फळ होवो’, म्हटल्याने सुटतं का?

एका संध्याकाळी नाहीच सुटत. जैन कर्मशास्त्रात क्रोधाचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाला मुदत आहे. 15 दिवसांत विरतो तो संज्वलन. 4 महिने टिकला तर प्रत्याख्यानावरण, वर्षभर टिकला तर अप्रत्याख्यानावरण. त्यापुढेही धरून ठेवला की अनंतानुबंधी, आणि तो जागा असेपर्यंत सम्यक्त्व, म्हणजे खरी श्रद्धाच, उरत नाही. श्रद्धेचा पायाच जातो. म्हणून तर रोजच्या प्रतिक्रमणानंतर, म्हणजे चुका आठवून त्यांपासून मागे फिरण्याच्या विधीनंतर, पंधरवड्याचं पाक्षिक, चार महिन्यांचं चातुर्मासिक आणि भाद्रपदातलं वार्षिक सांवत्सरिक. संवत्सरी, म्हणजे या वार्षिक प्रतिक्रमणाचा दिवस, ही शेवटची तारीख. आधीचं सगळं चुकवून थेट त्या दिवशी बसणाऱ्याला ती जड जाते.

मूर्तिपूजक परंपरेत पाक्षिकाला 12 लोगस्सांचा (लोगस्स म्हणजे चोवीस तीर्थंकरांची स्तुती) काउसग्ग, म्हणजे देह स्थिर ठेवून केलेलं ध्यान, असतो, चातुर्मासिकाला 20 आणि सांवत्सरिकाला 40 लोगस्स व एक नवकार मंत्र. लोगस्स त्यातल्या ‘चंदेसु निम्मलयरा’ या शब्दांपर्यंत म्हणायचा, त्याचे 25 श्वास, नवकाराचे 8, म्हणजे सांवत्सरिकाला एकूण 1008. इतका वेळ देह न हलवता राहिलं की ज्याला टाळत होतो नेमका तोच माणूस समोर येतो.

त्याच्याशी मात्र प्रतिक्रमणाआधीच बोलायला हवं. बिघडतं ते इथे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच चित्र तीनशे जणांना जातं आणि अबोला असलेला भाऊ तेवढा राहतो. ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर’ हे अनोळखी माणसाला ठीक. भावाला फोन करून सांगावं, ‘हिशेबावरून तुला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं.’ तिथेच थांबावं. ‘पण तूही...’ आलं की माफी संपली आणि भांडण पुन्हा सुरू झालं. त्याने फोन आपटला तरी आपलं काम झालेलं असतं. ‘वेरं मज्झ न केणई’, माझं कुणाशीही वैर नाही, यात त्याची संमती लागत नाही.

क्षमा केली म्हणून उसने पैसे सोडायचे नसतात, आणि मारहाण करणाऱ्याच्या घरी परत जायचं तर मुळीच नाही. वैर सोडायचं, सावधपणा नव्हे.

ज्याची माफी मागायची तो हयातच नसेल तर गुरूंसमोर आलोचना, म्हणजे चुकीची कबुली, करावी. नेमकं काय केलं ते सांगायचं, कारणं द्यायची नाहीत. मग उपवास, आयंबिल (दिवसातून एकदाच रुक्ष, बेचव जेवण), स्वाध्याय, जे प्रायश्चित्त मिळेल ते पुढच्या चातुर्मासिक प्रतिक्रमणाच्या आत पुरं करून टाकावं.