पायताणं एका रेषेत आणताना

मामांचं कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकान आहे. हिशेब वहीत आणि मालाचे फोटो मोबाईलमध्ये. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, चपलांचे सगळे प्रकार एकाच गॅलरीत. पायथन येत होतं, म्हणून टीकेइंटरमध्ये (पायथनमधून विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) छोटा कॅटलॉग करून द्यायला घेतला. फोटो, खाली नंबर आणि किंमत, एवढंच. नोंदींचा भाग पटकन उरकला. घाम काढला तो फोटोंनी.

टीकेइंटर स्वतःहून जेपीजी उघडत नाही, त्यासाठी पिलो ही फोटो हाताळायची लायब्ररी लागली. फंक्शन संपलं की फोटो गायब होतात, तेव्हा फोटोचा संदर्भ तो दाखवणाऱ्या लेबललाच बांधून ठेवायचा. हे दोन्ही सगळ्यांनाच भोवतं, लगेच सुटतंही.

खरी गंमत मोकळ्या जागेची. लेबललाच पॅडएक्स, म्हणजे डावी-उजवीकडची मोकळी जागा, २० दिलं, तर ढिम्म फरक नाही! ४० केलं, तरी फोटो एकमेकांना खेटूनच. शेवटी टीकेइंटरच्या मुळाशी असलेल्या टीकेचं मॅन्युअल काढलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुतेक विजेट (लेबल, बटण असे विंडोचे भाग) हे पॅडिंग फक्त मजकुराला लावतात. चित्र असलं की सहसा दुर्लक्ष करतात. हेच पॅडएक्स ग्रिडच्या, म्हणजे विजेट ओळी-कॉलमांत मांडणाऱ्या, कोडमध्ये टाकलं आणि फोटो सुटे झाले. तिथं डावी-उजवी जागा वेगवेगळीही देता येते. लेबलच्या विड्थचाही (रुंदीचा) असाच घोळ: मजकूर असेल तर २० म्हणजे २० अक्षरं, चित्र असेल तर २० पिक्सेल. म्हणजे चपलेचा नुसता अंगठा दिसणार. ही रचना ज्यानं केली त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

मग मामांनी स्क्रीन बघितली. "ही पायताणं एक वर, एक खाली का दिसाय लागल्यात रं?"

फोटो काही उभे, काही आडवे. पिलोच्या इमेजऑप्समधलं पॅड वापरून सगळे २२० बाय १६० च्या पांढऱ्या चौकटीत बसवले. प्रमाण न बिघडवता उरलेली जागा ते रंगानं भरतं. पण ते मधोमध बसवतं. सेंटरिंग ०.५, १ (आडव्या दिशेत मधोमध, उभ्या दिशेत तळाशी) केल्यावर आडवे फोटो चौकटीच्या तळाला टेकले. मोबाईलचे काही उभे फोटो कुशीवर पडल्यासारखे दिसत होते, त्यांना आधी एक्झिफ ट्रान्सपोजमधून काढलं; फोटोत नोंदलेल्या दिशेनुसार ते फोटो सरळ करतं.

विंडो मोठी केली की उजवीकडे जागा उरायची. प्रत्येक कॉलमला वेट (उरलेल्या जागेतला वाटा) १ दिल्यावर ती सगळ्यांत वाटली गेली. आता मामांना किंमत मोठ्या अक्षरात हवीय, तीही गिऱ्हाईकाला न दिसेल अशी.