अहिराणी शब्दसंग्रह: रिपो उभी राहिली

आपल्या खान्देशातल्या अहिराणी बोलीचा शब्दसंग्रह अखेर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आला. वहीतले, फोनच्या नोट्समधले आणि एक्सेल शीटमधले शब्द साध्या टेक्स्ट फाइलींत उतरवले आणि टर्मिनलवरून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) रिपो, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवणारं फोल्डर, सुरू केली. बोलीचे शब्द गोळा करणारे आपल्यातले बरेच जण अजून शीटमध्येच काम करतात, म्हणून काय केलं आणि का केलं ते जरा सविस्तर लिहितो.

आधी का. अहिराणीला ठरलेलं शुद्धलेखन नाही. कुणी 'शे' (आहे) लिहितं, कुणी 'से', आणि दोघंही आपापल्या तोंडातलं बरोबरच लिहितात. त्यात भर फोनच्या कीबोर्डची. प्रमाण मराठीतला ळ आपल्याकडे य होतो. 'डोया' टाइप करावं तर कीबोर्ड 'डोळा' करून ठेवतो, 'कपाय'चं 'कपाळ'. लांबलचक शीटमध्ये असा बदल कुणाच्याच नजरेला पडत नाही आणि शब्द गेला हेही कळत नाही. गिटमध्ये कमिटच्या, म्हणजे बदल कायमचा नोंदवण्याच्या, आधी डिफ (जुन्या-नव्यातला फरक) पाहिला की 'डोया'ची ओळ लाल आणि 'डोळा'ची हिरवी होऊन समोर येते. मला रिपो हवी होती ती एवढ्यासाठी.

आता प्रत्यक्ष काम. रिकामं फोल्डर केलं, आत शिरलो आणि 'गिट इनिट' दिलं, पुढे 'डॅश बी मेन' जोडून. म्हणजे पहिली ब्रँच (कामाची शाखा) मेन नावाने निघते. हा पर्याय जुलै २०२० मध्ये आलेल्या २.२८ आवृत्तीपासून आहे. गिट त्याहून जुनं असेल तर ब्रँचचं नाव मास्टर पडतं, त्यानेही काही अडत नाही. फोल्डरमध्ये 'एलएस डॅश ए' केलं की डॉट गिट नावाचं लपलेलं फोल्डर दिसतं. पुढचा सगळा इतिहास त्याच्याच पोटात राहणार, म्हणून साफसफाई करताना त्याला हात लावायचा नाही. आतली हेड नावाची फाइल एकदा उघडून पाहाच: एकच ओळ असते, चालू ब्रँच कोणती ते सांगणारी. आणि त्या ब्रँचमध्ये अजून काहीच नसतं. पहिलं कमिट होईपर्यंत मेन जन्मालाच आलेली नसते, त्यामुळे 'गिट ब्रँच' दिलं तर काहीच छापलं जात नाही. नवीन माणूस इथे हमखास बिचकतो. सगळं ठीक आहे, पुढे चला.

'गिट कॉन्फिग'मध्ये नाव आणि ईमेल घातला. नाव देवनागरीत दिलं तर लॉगमध्येही (कमिटांच्या यादीत) ते देवनागरीतच दिसतं. आपल्यासारख्यांनी न चुकता बदलावी अशी एक सेटिंग म्हणजे 'कोअर डॉट कोटपाथ'. ती फॉल्स केली नाही तर देवनागरी नावाच्या फाइली 'गिट स्टेटस'मध्ये आकड्यांच्या माळेत निघतात. माझ्या 'शेती' फाइलीची सुरुवात ३४०, २४४, २६६ अशी दिसत होती. हे तीन आकडे म्हणजे नुसता श, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं. सेटिंग बदलली की नाव जसंच्या तसं दिसतं.

फाइलींची रचना साधी ठेवली आहे: एका ओळीत एक शब्द आणि टॅबने वेगळे केलेले चार रकाने, शब्द, अर्थ, वाक्य, गाव. उदाहरणार्थ आंडेर, मुलगी, 'आंडेर घरमा शे', आणि ज्या गावात ऐकला ते गाव. गिटचा डिफ ओळीओळीने चालतो, त्यामुळे एक शब्द बदलला की एकच ओळ रंगते. एक्सेलची फाइल गिट ठेवून घेईल, पण आत कुठला शब्द बदलला ते दाखवू शकणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'पऱ्हाटी'पायी. कपाशीशी आपला जन्माचा संबंध, त्यामुळे हा शब्द संग्रहात बऱ्याच ठिकाणी आहे, पण 'ग्रेप' या शोधायच्या कमांडने शोधला तर निम्म्या ओळी सापडेनात. डोळ्यांना सगळे 'पऱ्हाटी' सारखेच. बाइट उलगडून पाहिले तेव्हा कळलं की हा ऱ् तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह. कुठल्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर हे ठरतं. गिटला बाइट कळतात, अक्षर कळत नाही. त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. 'गोऱ्हा' आणि 'वऱ्हाड' यांचंही तेच.

पायथन भाषेतल्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी रूप (युनिकोडचं एकसारखं केलेलं रूप) केलं की दुसरी तऱ्हा पहिलीत मिसळते. तिसरीला मात्र एनएफसी हात लावत नाही, ती वेगळी शोधून बदलावी लागते. बदलताना फक्त र आणि हलन्त यांच्या मागचंच जोडचिन्ह धरायचं. बाकी ठिकाणी ते कुणी मुद्दाम घातलेलं असू शकतं. हे सगळं पहिल्या कमिटच्या आधी उरकलं याचं समाधान आहे. नंतर केलं असतं तर एका कमिटमध्ये शेकडो ओळी बदललेल्या दिसल्या असत्या आणि त्यात खरा बदल कुठला ते शोधणं अवघड झालं असतं.

हे पुन्हा शिरू नये म्हणून प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लिहिला: नको असलेलं रूप फाइलीत आढळलं की कमिट थांबवायचं. हुक डॉट गिटच्या आत ठेवला तर क्लोन (रिपोची पूर्ण नक्कल) करणाऱ्याकडे जात नाही. म्हणून स्क्रिप्ट रिपोतल्याच एका फोल्डरमध्ये ठेवली आणि 'कोअर डॉट हुक्सपाथ' तिकडे वळवला. क्लोन केल्यावर ही सेटिंग प्रत्येकाला आपल्याकडे एकदा करावी लागते. शिवाय गिटअॅट्रिब्यूट्स फाइलीत ओळीचा शेवट एलएफ या चिन्हाने असा ठरवून टाकला, विंडोजवाल्यांसाठी, कारण तिथे ओळ वेगळ्या तऱ्हेने संपते.

म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंग रिपोत घेतली नाहीत. गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) ऑडिओ फाइली टाकल्या आणि त्या हार्डडिस्कवर वेगळ्या ठेवल्या. एकतर आकार मोठा, आणि दुसरं म्हणजे अंगणात बसून मनमोकळं बोललेलं माणसाला न विचारता पाठवायचं नसतं.

मग 'गिट अॅड', डिफ पुन्हा डोळ्यांखालून घातला, स्टेज केलेला, म्हणजे कमिटसाठी निवडलेला, आणि कमिट. पहिल्या कमिटच्या उत्तरात 'रूट-कमिट' असं येतं आणि पुढे सोळाअंकी पद्धतीतला छोटा क्रमांक; पूर्ण क्रमांक चाळीस अक्षरांचा असतो. संदेश मराठीत लिहितो आणि त्यात कारण लिहितो. 'शब्द वाढवले' हे डिफमध्ये दिसतंच. 'साक्रीकडचे शेतीचे शब्द, उच्चार ऐकला तसा, से तसाच ठेवला' असं लिहिलं तर पुढे कुणी त्याचं 'शे' करण्याआधी थांबेल.

लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नेलसाठी, बिटकीपर या तशाच सॉफ्टवेअरचा फुकट वापर बंद झाला तेव्हा. जगभर विखुरलेल्या लोकांनी आपापल्या मशीनवर काम करायचं आणि नंतर जुळवायचं, ही त्याची घडण आहे. मी अमळनेरला, संग्रहाच्या कामातला जोडीदार तापीपलीकडे शिरपूरला, त्याच्या गावी नेटवर्कचा भरवसा नाही. आम्हाला हीच घडण हवी होती. पेनड्राइव्हवर 'गिट इनिट डॅश डॅश बेअर' करून एक बेअर रिपो (नुसता इतिहास, कामाच्या फाइली नाहीत) केली, तिला रिमोट (बाहेरची रिपो) म्हणून जोडलं आणि पुश केलं, म्हणजे कमिटं तिकडे पाठवली. बेअरच हवी, कारण साध्या रिपोत जी ब्रँच चेकआउट (कामासाठी उघडलेली) असते तिच्यावर गिट पुश घेत नाही. त्याच्या विंडोजवर क्लोन करताना 'ड्युबियस ओनरशिप' (मालकी संशयास्पद) असा अडथळा आला. एप्रिल २०२२ च्या २.३५.२ पासून गिट फोल्डरचा मालक तपासतं, आणि पेनड्राइव्हच्या एक्सफॅट या फाइल-पद्धतीत मालकाची नोंदच नसते. 'सेफ डॉट डिरेक्टरी'मध्ये तो मार्ग घातला की काम होतं.

आता त्याचे शब्द वेगळ्या ब्रँचमध्ये येतील आणि मर्ज करताना, म्हणजे ब्रँची एकत्र आणताना, एकाच ओळीवर दोघांचे हात पडले तर फोनवर बोलून सोडवू. पुढची फाइल केळीच्या बागेची. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या मंडळींकडे लागवडीपासून घड उतरवेपर्यंतचे शब्द असतील तर जरूर पाठवा. टॅबचे चार रकाने आणि यूटीएफ-८ एवढं सांभाळा, कीबोर्डचा ऑटोकरेक्ट बंद ठेवा आणि गावाचा रकाना रिकामा सोडू नका.